एकाच घरात दोघांना ग्रेव्हज: बुश दांपत्याची केस आणि थायरॉईडवरचा खोटा आळ

दरवर्षी थायरॉईडचा चॅप्टर आला की मी सेकंड एमबीबीएसच्या मुलांना बुश नवरा-बायकोची केस सांगते. थोरले जॉर्ज बुश, अमेरिकेचे 41वे अध्यक्ष, आणि त्यांच्या पत्नी बार्बरा. आधी तिला ग्रेव्हज डिसीज, म्हणजे थायरॉईडचं हॉर्मोन फार वाढवणारा आजार, झाला, दोन वर्षांनी त्यांनाही. रक्ताचं नातं काही नाही, आजार मात्र एकच, आणि तोही दोघांत इतका वेगळा दिसला की एकीची बातमी डोळ्यांची झाली आणि दुसऱ्याची हृदयाची. पुस्तकातलं ग्रेव्हजचं चित्र म्हणजे तिशीतली बाई, गळ्याला सूज, टपोरे डोळे, थरथरणारे हात. ही दोघं साठी ओलांडलेली होती. म्हणून मला ही केस आवडते, कारण चित्र पाठ करून इथे भागत नाही, आत काय बिघडलंय ते समजून घ्यावंच लागतं.

आणि आत जे बिघडलंय ते थायरॉईड नाहीये. हे मी वर्गात तीन-तीनदा सांगते तरी परीक्षेत मुलं लिहून येतात की "ग्रंथीत बिघाड झाल्याने हॉर्मोन वाढते". ग्रंथी बिचारी हुकूम पाळत असते, हुकूम देणारा तोतया असतो.

आधी बार्बराबाई. जानेवारी 1989 मध्ये हे कुटुंब व्हाइट हाउसमध्ये राहायला आलं आणि थोड्याच दिवसांत त्यांचं वजन उतरायला लागलं, डोळे चुरचुरायला लागले, पाणी यायला लागलं. वय 63. नवीन घर, सतत कार्यक्रम, पाहुणे, कुणालाही वाटेल की दगदग झालीये. आपल्याकडेही हेच होतं, बाईचं वजन उतरलं की आधी लोक "छान बारीक झालीस गं" म्हणतात, मग "फार धावपळ करतेस" म्हणतात, आणि भूक नीट असताना, उलट वाढलेली असताना वजन का उतरतंय हा प्रश्न महिनोनमहिने कुणी विचारतच नाही. बार्बराबाईंच्या बाबतीत डॉक्टरांनी विचारला, मार्च 1989 मध्ये निदान झालं, आणि लवकरच त्यांना रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन दिलं गेलं.

आता तो तोतया कोण ते बघू. सोसायटीतला पाण्याचा पंप डोळ्यांसमोर आणा. वॉचमन टाकी रिकामी दिसली की पंप चालू करतो, भरली की बंद करतो. पंप म्हणजे थायरॉईड, टाकीतलं पाणी म्हणजे टीथ्री आणि टीफोर ही थायरॉईडची हॉर्मोन्स, वॉचमन म्हणजे मेंदूच्या खाली असलेली पिट्युटरी, आणि ज्या बोटाने तो बटण दाबतो ते बोट म्हणजे टीएसएच हे पिट्युटरीचं हॉर्मोन. ग्रेव्हजमध्ये शरीराच्या बी लिम्फोसाइट्स, म्हणजे जंतूंशी लढायला अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, एक अशी अँटिबॉडी बनवतात जी बरोबर त्याच बटणावर, म्हणजे थायरॉईडच्या पेशीवर असलेल्या टीएसएच रिसेप्टरवर जाऊन बसते आणि ते दाबून धरते. बहुतेक अँटिबॉडी जिथे चिकटतात तिथे नासधूस करतात, ही तसं करत नाही, ही पेशीला कामाला लावते. पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो, आयोडीन जास्त ओढलं जातं, हॉर्मोन जास्त बनतं, जास्त सोडलं जातं, पेशी स्वतःही वाढतात. टाकी वाहायला लागते. वॉचमन केव्हाच बटणापासून लांब गेलेला असतो, म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएच जवळपास शून्य दिसतं, पण त्याच्या थांबण्याने काही फरक पडत नाही कारण चिकटपट्टी लावून बटण दाबून ठेवणारा दुसराच आहे आणि त्याला टाकी दिसत नाही. हॉर्मोन कितीही वाढलं तरी अँटिबॉडी कमी होत नाही, फीडबॅक नावाची गोष्टच तिथे नाही.

इथे एक सांगायलाच हवं. "मला थायरॉईड आहे" असं आपण सर्रास म्हणतो, आणि त्यात कमी की जास्त हे बहुतेकांना स्वतःचंही माहीत नसतं. टीएसएच वाढलंय म्हणजे थायरॉईड वाढलाय असं समजणारे तर रोज भेटतात, ते अगदी उलटं आहे, वॉचमन ओरडतोय म्हणजे टाकी रिकामी आहे.

ही अँटिबॉडी सापडली न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनमध्ये, 1956 साली. अ‍ॅडम्स आणि पर्व्हस हे दोघं रुग्णांच्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या द्रवात, टीएसएच मोजत होते, गिनीपिगला सीरम टोचायचं आणि त्याच्या थायरॉईडमधून किती हॉर्मोन बाहेर पडतं ते बघायचं. टीएसएच दिल्यावर परिणाम काही तासांत वर जाऊन खाली यायचा, पण ग्रेव्हजच्या रुग्णाचं सीरम दिलं की परिणाम उशिरा यायचा आणि बराच वेळ टिकायचा. म्हणजे हे टीएसएच नाही, दुसरंच काहीतरी आहे. पुढे ते आयजीजी निघालं, म्हणजे आपलीच अँटिबॉडी. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हजनी 1835 मध्ये आजाराचं वर्णन केलं होतं, जर्मनीत बाझेडोव्हनी 1840 मध्ये, आणि त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं हा तोतया कुणाला सापडला नव्हता. आणि ते बटण, टीएसएच रिसेप्टर, त्याचा जीन क्लोन झाला 1989 मध्ये. ज्या वर्षी बार्बराबाईंचं निदान झालं त्याच वर्षी. मला हा योगायोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांच्या डोळ्यांचं पुढे जे झालं ते समजायला हाच रिसेप्टर लागतो.

त्याआधी स्लाइड, म्हणजे मायक्रोस्कोपखाली ग्रंथी कशी दिसते ते. बुश दांपत्यापैकी कुणाचीच ग्रंथी ऑपरेशनने काढलेली नाही, त्यामुळे त्यांची स्लाइड जगात नाही, पण ग्रेव्हजची ग्रंथी हातात आली की ती कशी असते ते सांगते. नॉर्मल थायरॉईड साधारण 20 ग्रॅमची, ही सहज दुप्पट-तिप्पट. दोन्ही बाजूंनी सारखी वाढलेली, गुळगुळीत, गाठी नाहीत, आणि कापली की आतून लालबुंद, ताज्या मांसासारखी. रक्तपुरवठा इतका वाढलेला असतो की जिवंतपणी मानेवर स्टेथोस्कोप ठेवला तर कधीकधी सूं-सूं आवाज येतो.

मायक्रोस्कोपखाली बघायला मला स्वतःला ही स्लाइड कितीही वेळा चालते. नॉर्मल थायरॉईडमध्ये छोट्या छोट्या गोल खोल्या असतात, भिंतीला बुटक्या पेशी आणि आत गुलाबी कोलॉइड, म्हणजे हॉर्मोनचा साठा धरणारा चिकट पदार्थ, भरलेलं, शांत, साठवणुकीचं गोदाम. ग्रेव्हजमध्ये तेच गोदाम रात्रंदिवस चालणारा कारखाना झालेलं असतं. पेशी उंच झालेल्या, एकमेकींना ढकलत, जागा पुरत नाही म्हणून भिंत आत दुमडून घड्या पडलेल्या. कोलॉइड फिकट, पातळ, आणि त्याची कड पेशीला लागून कुरतडल्यासारखी, छोटे छोटे पांढरे अर्धगोल, कारण पेशी तिथून कोलॉइड ओढून घेतायत, साठा टिकूच देत नाहीयेत. मधल्या जागेत लिम्फोसाइट्सचे थवे, कुठे कुठे पूर्ण जर्मिनल सेंटर, म्हणजे बी लिम्फोसाइट्स वाढायची जागा. हे थवे प्रेक्षक म्हणून आलेले नाहीत, अँटिबॉडी बनवायचं बरंचसं काम तिथेच, ग्रंथीच्या आतच चालतं.

त्या आत दुमडलेल्या घड्या बघून नवीन रेसिडेंट पॅपिलरी कार्सिनोमा, म्हणजे थायरॉईडचा कॅन्सर, म्हणायला जातात. थांबा. घडीच्या मध्ये रक्तवाहिनीचा गाभा आहे का बघा, न्यूक्लियस बघा, काचेसारखे रिकामे, खाच पडलेले आहेत का. ग्रेव्हजच्या घड्यांना तो गाभा नसतो आणि न्यूक्लियस तळाशी ओळीत गोल गोल बसलेले असतात. आणि ऑपरेशनआधी पेशंटला काय दिलं होतं ते विचारल्याशिवाय रिपोर्ट लिहू नका, कारण ल्युगोल आयोडीन आठ-दहा दिवस दिलं असेल तर कोलॉइड परत साठतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि स्लाइड निम्मी शांत झालेली दिसते.

आता परत बार्बराबाईंकडे, कारण त्यांची खरी गोष्ट इथून पुढे आहे. आयोडीन-131 दिलं. ते थायरॉईडच ओढून घेतो, हाफ लाइफ 8 दिवस, त्यातून निघणारे बीटा कण ऊतीत एक-दोन मिलिमीटरच जातात, म्हणजे ग्रंथी आतल्या आत भाजून निघते आणि शेजारच्यांना फार धक्का लागत नाही. सुंदर कल्पना आहे, बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी 1941 पासून वापरलेली. ग्रंथी आटली. हॉर्मोन आटोक्यात आलं. पण डोळे? डोळ्यांचा त्रास चालूच राहिला, सूज, दोन-दोन दिसणं, स्टिरॉइड द्यावं लागलं, आणि 1990 च्या सुरुवातीला डोळ्यांमागच्या भागाला रेडिएशन द्यावं लागलं.

ग्रंथी जर गुन्हेगार असती तर ती संपल्यावर डोळे बरे व्हायला हवे होते ना? तेच झालं नाही, आणि ग्रेव्हजचं पॅथॉलॉजी शिकवायला याच्याइतका चांगला पुरावा मला दुसरा माहीत नाही.

डोळ्याची खोबणी म्हणजे हाडाची खोली, साधारण 30 मिलिलिटरची, फक्त समोरून उघडी. तिच्यात डोळा, त्याला फिरवणारे स्नायू, चरबी आणि नजरेची नस. इथल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतीला आधार देणाऱ्या पेशींवरही तोच टीएसएच रिसेप्टर असतो, आणि त्याला जोडीदार म्हणून आयजीएफ-1 या वाढीच्या हॉर्मोनचा रिसेप्टर. अँटिबॉडी तिथेही पोचते, टी लिम्फोसाइट्स जमतात, आणि चेतवलेल्या फायब्रोब्लास्ट हायलुरोनिक अ‍ॅसिड ओतायला लागतात, जे स्पंजसारखं पाणी धरून ठेवतं, शिवाय त्यातल्या काही पेशी चरबीत बदलतात. स्नायू फुगतात, चरबी वाढते, हाडाच्या भिंती तर हलणार नाहीत, मग डोळ्याला पुढे येण्याशिवाय जागाच उरत नाही. सीटी स्कॅनवर स्नायूचं पोट फुगलेलं आणि टोकाची दोरी मात्र बारीकच, असं दिसतं. सगळ्यात जास्त वेळा खालचा स्नायू धरला जातो, नंतर तो कडक होतो, डोळा वर फिरत नाही आणि मग एकाचे दोन दिसतात. खोबणीच्या टोकाशी गर्दी झाली तर नस दाबली जाते आणि नजरच जायची वेळ येते, म्हणून रंग फिके दिसायला लागले की थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे.

एक फरक मुलं विसरतात. पापणी वर ओढली गेल्याने येणारी टक लावल्यासारखी नजर कुठल्याही कारणाने हॉर्मोन वाढलं तरी येते, पण डोळा खरोखर पुढे येणं हे ग्रेव्हजचं.

मग आयोडीनने डोळे बिघडले का? एका केसवरून असं म्हणता येत नाही, त्यांचे डोळे आधीपासूनच त्रास देत होते. पण नंतर जे अभ्यास झाले ते बघा. ग्रंथी भाजली की तिच्यातली अँटिजेन्स, म्हणजे अँटिबॉडीला चिथावणारी प्रथिनं, बाहेर सांडतात आणि टीएसएच रिसेप्टरच्या अँटिबॉडी पुढचे कित्येक महिने उलट वाढतात. 1998 साली इटलीतल्या गटाने छापलेल्या ट्रायलमध्ये नुसतं रेडिओआयोडीन दिलेल्यांपैकी साधारण 15 टक्क्यांचे डोळे बिघडले किंवा नव्याने त्रास सुरू झाला, हॉर्मोन कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण 3 टक्के, आणि आयोडीनबरोबर प्रेडनिसोन हे स्टिरॉइड दिलेल्यांत कुणाचेच बिघडले नाहीत. स्वीडनमधल्या 1992 च्या ट्रायलचाही कल असाच होता. 1989 मध्ये हे आकडे कुणाच्या हातात नव्हते. अमेरिकेत तेव्हा रेडिओआयोडीन हीच पहिली पसंती होती, युरोप आणि जपानमध्ये गोळ्यांना, त्यामुळे त्या डॉक्टरांना आज दोष देणं मला बरोबर वाटत नाही. पण आज सक्रिय डोळ्यांचा आजार असताना कुणी स्टिरॉइडचा विचारही न करता आयोडीन पाजलं तर ते मला खटकेल, आणि पेशंट सिगारेट ओढणारा असेल तर अजूनच, कारण सिगारेटने डोळ्यांचा आजार वाढतो हे पक्कं आहे.

आता जॉर्ज बुश. 4 मे 1991, शनिवार. आखाती युद्ध संपून दोन महिने झालेले. कॅम्प डेव्हिडला, अध्यक्षांच्या सुट्टीच्या ठिकाणी, जॉगिंग करताना दम लागला, थकवा आला, तपासलं तर नाडी अनियमित. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एट्रियम हे हृदयाचे वरचे कप्पे लय सोडून थरथरणं. हेलिकॉप्टरने बेथेस्डाच्या नेव्हल हॉस्पिटलला नेलं, डिगॉक्सिन आणि प्रोकेनामाइड ही हृदयाची औषधं दिली. लय जागेवर आली नाही तर सोमवारी भूल देऊन शॉक द्यायचा आणि तेवढ्या वेळापुरते अधिकार उपाध्यक्ष क्वेल यांच्याकडे द्यायचे, इथपर्यंत तयारी होती. शॉकची वेळ आली नाही, सोमवारी ते कामावर परतले, आणि मग थायरॉईडच्या टेस्ट वाढलेल्या निघाल्या. 9 मेला ग्रेव्हजचं निदान जाहीर झालं आणि त्याच दिवशी त्यांनीही रेडिओआयोडीन घेतलं.

वय 66, आणि आजार उघडा पडला तो हृदयाने. वयस्कर माणसात हे नेहमीचं आहे, थरथर नाही, घाबरंघुबरं होणं नाही, नुसता थकवा, वजन कमी आणि एक दिवस नाडी बिघडलेली. टीथ्री हृदयाच्या पेशीत केंद्रकापर्यंत जातं, बीटा रिसेप्टर वाढवतं, पोटॅशियमचे चॅनेल बदलतं, आणि एट्रियमच्या पेशीला दोन ठोक्यांमध्ये जी विश्रांती लागते ती आखूड करतं. विश्रांती आखूड झाली की विजेचे छोटे भोवरे एट्रियममध्ये सहज फिरत राहतात. फ्रेमिंगहॅमच्या 1994 च्या अभ्यासात साठीपुढच्या ज्या लोकांचं टीएसएच खूप खाली होतं त्यांना दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशनचा धोका तिप्पट होता. म्हणून नवीन फिब्रिलेशन आलं की ईसीजी, इको याबरोबर टीएसएच पाठवाच. आमच्या लॅबकडे असे नमुने येतात तेव्हा बरं वाटतं, आणि जेव्हा सहा महिन्यांनी येतात तेव्हा वाईट वाटतं. त्या वेळी आजी-आजोबांना विचारा की केसांसाठी, नखांसाठी बायोटिनची गोळी चालू आहे का, कारण काही मशिनवर जास्त डोसच्या बायोटिनने टीएसएच खोटं कमी आणि टीफोर खोटं जास्त दिसतं, हुबेहूब ग्रेव्हज.

नवरा-बायको दोघांना एकच आजार म्हटल्यावर अमेरिकेत एकच खळबळ उडाली. त्यात त्यांची कुत्री मिली, तिलाही ल्युपस, तोही ऑटोइम्यून, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार. मग पाण्याची तपासणी निघाली, व्हाइट हाउस, कॅम्प डेव्हिड, केनेबंकपोर्टचं घर, आणि उपाध्यक्ष असताना आठ वर्षं राहिले ते घर. पाण्यात आयोडीन किंवा लिथियम जास्त आहे का हे बघायला. तसं काही कारण सापडलं नाही. प्रश्न चुकीचा नव्हता, आयोडीन आणि लिथियम दोन्ही थायरॉईडशी खेळतात, पण ग्रेव्हज हा विषबाधेसारखा आजार नाही. डेन्मार्कच्या जुळ्यांच्या अभ्यासात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ग्रेव्हज असेल तर दुसऱ्याला असण्याचं प्रमाण साधारण 35 टक्के निघालं, वेगवेगळ्या जुळ्यांत 3 टक्के. म्हणजे जीन्सचा वाटा मोठा, एचएलए-डीआर3, सीटीएलए4, खुद्द टीएसएच रिसेप्टरचा जीन, पण हुबेहूब तेच जीन्स असूनही दोनतृतीयांश जुळ्या भावंडांना आजार होत नाही. बाकीचं ताण, आयोडीन, सिगारेट, बाळंतपणानंतरचा काळ आणि निव्वळ नशीब. बायकांत हा आजार पुरुषांपेक्षा पाच ते दहा पट जास्त. लाखो जोडप्यांत एखादं असं निघणारच, फक्त ते अध्यक्षांच्या घरी निघालं म्हणून जगाला कळलं.

ग्रंथी आटल्याने दोघांनाही पुढे थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या हॉर्मोनची, गोळी लागली, जी आपल्याकडे घराघरात सकाळी उपाशीपोटी घेतली जाते. आपल्याकडे ग्रेव्हजला बहुतेक वेळा आधी कार्बिमाझोल ही हॉर्मोन कमी करणारी गोळी देतात, वर्ष-दीड वर्ष, साधारण निम्म्यांना बंद केल्यावर आजार परत येतो, आणि या गोळीवर असताना ताप आणि घसा आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासायच्या.

पण ग्रंथी गेली म्हणजे आजार गेला असं नाही, हे बार्बराबाईंच्या डोळ्यांनी दाखवलं आणि गरोदर बायकांमध्ये तर ते अजून स्पष्ट दिसतं. एखादीने पाच वर्षांपूर्वी आयोडीन घेतलंय, आता थायरॉक्सिनवर टीएसएच अगदी नॉर्मल आहे, सगळे म्हणतात बरी झाली. तिच्या रक्तात अँटिबॉडी असू शकते, आयजीजी वार ओलांडून बाळाकडे जातं, आणि आईला थायरॉईडच उरलेला नाही पण बाळाचा थायरॉईड पोटातच धावायला लागतो, ठोके 160 च्या पुढे जातात. जन्मानंतर आईची अँटिबॉडी विरली की तीन-चार महिन्यांत बाळाचा आजार आपोआप थांबतो. आईचा टीएसएच बघून हे कधीच कळणार नाही, ट्रॅब नावाची अँटिबॉडीची टेस्ट मागवावी लागते. "आधी थायरॉईड जास्त होता, आयोडीन घेतलं होतं" हे एक वाक्य पहिल्याच व्हिजिटला सांगा, फाइलमध्ये लिहून घ्या.

बार्बरा बुश एप्रिल 2018 मध्ये गेल्या, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉर्ज बुश. जानेवारी 2020 मध्ये अमेरिकेत टेप्रोटुमुमॅबला मान्यता मिळाली, डोळ्यांच्या या आजारासाठी तिथे मान्यता मिळालेलं पहिलं औषध. ते थायरॉईडवर काम करत नाही, खोबणीतल्या फायब्रोब्लास्टवरचा तो आयजीएफ-1 रिसेप्टर अडवतं. फार महाग, साखर वाढू शकते, ऐकू कमी येऊ शकतं, हे सगळं आहे. दर तीन आठवड्यांनी एक असे आठ सलाइन, आणि 24 आठवड्यांनी औषध घेतलेल्यांपैकी 83 टक्क्यांचा डोळा 2 मिलिमीटर किंवा जास्त मागे गेला, प्लासिबोवाल्यांत 10 टक्क्यांचा.

2 मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. ज्या बाईची पापणी रात्री पूर्ण मिटत नाही, तिच्यासाठी ते मिटणं असतं.